कॉफीची कुळकथा

आपल्या मराठी घरात चहा हा घरचा माणूस आणि कॉफी ही पाहुणी. चहाला कोणी वेळ विचारीत नाही, निमित्त विचारीत नाही. तो आला की आला. कॉफीचे तसे नाही. कोजागिरी उजाडावी लागते, मुलांच्या परीक्षेचे जागरण निघावे लागते, सोयरीक जुळवायला चार मोठी माणसे दिवाणखान्यात येऊन बसावी लागतात, नाहीतर सासूबाईंची एकादशी असावी लागते. मग फडताळातला मागचा डबा पुढे येतो. दूध खळखळ उकळते, त्यात पूड पडते, साखर पडते, आणि वरून जायफळ. घरभर वास सुटला, की शेजारीण खिडकीतून विचारते, "कोण आलंय हो तुमच्याकडे?"

या जायफळाच्या कॉफीची दाक्षिणात्य मंडळी फार थट्टा करतात. आमच्या एका तमिळ शेजारणीने पहिल्यांदा ती प्यायल्यावर "खीर छान झाली आहे" असा शेरा दिला होता. मला त्याचा राग आला नाही. ज्याच्या त्याच्या घरची चव असते, आणि जायफळाची कॉफी घेऊन रविवारी दुपारी जी झोप लागते ती फिल्टरच्या कॉफीने लागत असेल, तर मी नाव बदलून घ्यायला तयार आहे!

थट्टेचे राहो. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. आम्ही बायका तांदूळ घेताना आंबेमोहोर की कोलम, नवा की जुना, हे विचारतो. आंबा देवगडचा की रत्नागिरीचा यावरून भर बाजारात वाद घालतो. गूळ कोल्हापूरचाच आहे ना, याची तीनदा खात्री करून घेतो. आणि पाहुण्यांसमोर मानाने ठेवायची ती कॉफी मात्र "पाव किलो द्या हो" एवढ्यावर घरात येते. तिचे गाव कोणते, कोणत्या डोंगरावर ती वाढली, कोणाच्या बोटांनी ती झाडावरून उतरवली, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही. मीही कधी विचारले नव्हते. पण एका डिसेंबरात चिकमगळूरच्या डोंगरात आठवडाभर राहण्याचा योग आला, आणि तेव्हापासून पेला हातात घेतला की ती माणसे डोळ्यांपुढे येतात.

कॉफीचे मूळ माहेर आफ्रिकेत, इथिओपियाच्या डोंगराळ जंगलात. तिथल्या एका गुराख्याच्या शेळ्या कसलीशी लाल फळे खाऊन रात्रभर नाचत राहिल्या, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, तेव्हा खरी-खोटी करीत बसू नये. तिथून कॉफी तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्ये गेली. तिथले सूफी फकीर रात्रीच्या नामस्मरणात डोळा लागू नये म्हणून ती पीत. म्हणजे जागरणासाठी कॉफी ही काही आपल्या एस. एस. सी.च्या पोरांनी काढलेली टूम नव्हे. तिला चांगली पाच-सहाशे वर्षांची परंपरा आहे. अरबी भाषेत पेयाला 'कहवा' आणि दाण्याला 'बुन्न' म्हणतात. गुजराती घरांतून 'बुंददाणा' हा शब्द ऐकू येतो, तो त्याच 'बुन्न'चा नातू.

अरब व्यापारी मोठे हुशार. मोखा बंदरातून कॉफी जगभर जाई, पण रुजेल असा दाणा देशाबाहेर जाऊ नये म्हणून तो उकडून नाहीतर भाजूनच देत, असे सांगतात. या पहाऱ्यातून बी बाहेर काढणारा माणूस आपल्याकडचा निघाला. सतराव्या शतकातले सूफी संत बाबा बुडन हजच्या यात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीचे सात दाणे अंगावर लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण पर्वतावर आपल्या गुहेपाशी त्यांनी ते पेरले, अशी परंपरागत कथा आहे. १६७० च्या सुमाराची ही गोष्ट मानतात. आज त्या डोंगरांना बाबा बुडनगिरी असेच नाव आहे. कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर, सुमारे १,९३० मीटर उंचीचे मुळ्ळय्यनगिरी, त्याच रांगेत आहे. तीच गुहा दत्तात्रेयाचे पीठ म्हणूनही भाविक मानतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे माथा टेकत आले. पुढे त्यावरून वाद झाले आणि ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. मी त्या वादात शिरत नाही. मला एवढेच वाटते, की देवळात प्रसाद मिळतो तसा या डोंगराने साऱ्या मुलखाला कॉफीचा प्रसाद दिला, आणि तो घेताना कोणी कोणाची जात विचारली नाही.

आता चिकमगळूर. पुणे-मिरज-हुबळीवरून बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीने कडूरला उतरावे आणि तिथून मोटारीने डोंगराकडे वळावे. आमचे यजमान म्हणजे सहा एकरांचा धनी. चहाचे मळे मी चित्रात पाहिले होते: टेकड्यांवर अंथरलेला हिरवागार गालिचा, मध्ये ओळीने चालणाऱ्या बायका. कॉफीचा मळाही तसाच असेल अशी माझी कल्पना. पण मोटार थांबली ती जंगलात! वर फणस, उंबर, शिसव, आणि बांबूसारखे सरळसोट गेलेले सिल्व्हर ओक. प्रत्येक खोडाला मिरीचा वेल विळखा घालून चढलेला. ऊन जमिनीवर पोचते ते चाळणीतून सांडल्यासारखे. "मळा कुठे आहे?" असे मी विचारले, तर यजमानीणबाई हसून म्हणाल्या, "त्यातच उभ्या आहात की ओ!" खाली पाहिले तर छातीइतक्या उंचीची काळपट हिरव्या, चकचकीत पानांची झुडपे, आणि फांदीफांदीला चिकटून बसलेली लालबुंद फळे.

या बाईंचे माहेर बेळगावकडचे, त्यामुळे मराठी छान येई. मी त्यांना अक्का म्हणू लागले, आणि त्याही मला अक्काच म्हणत. वयाने कोण मोठे हा प्रश्न दोघींनी चतुराईने टाळला.

भारतातली कॉफी अशी झाडांच्या सावलीत वाढते, हे तिचे वैशिष्ट्य. जगात पुष्कळ ठिकाणी ती उघड्या उन्हात लावतात. पीक जास्त येते, पण जमीन लौकर झिजते. इथे वरच्या झाडांचा पाला खाली पडून कुजतो, त्याचे खत होते, ओल टिकते, पाखरांना घर मिळते. लहान रोपांना तात्पुरती सावली हवी म्हणून आपल्याकडे कुंपणाला लावतात तो पांगारा मध्ये मध्ये लावतात. पावसाळ्याच्या तोंडाशी या साऱ्या झाडांची छाटणी करायची, कारण ऊन फार झाले तर वाईट आणि सावली फार झाली तरी वाईट. उंच झाडावर चढून हे काम करणारा माणूस मिळणे आता मुश्किल झाले आहे. अक्कांचे यजमान म्हणाले, "जावई मिळेल, पण झाडावर चढणारा मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तोडणी पाहिली. सकाळी आठाच्या सुमारास दहा-बारा बाया आल्या. लुगड्यावर पुरुषी सदरा, डोक्याला फडके, कमरेला पोत्याची पिशवी. त्यांच्यात एक साठी उलटलेली अज्जी होती. तिच्या बोटांकडे मी पाहतच राहिले. फांदीवर एकाच झुबक्यात लाल, पिवळी, हिरवी अशी फळे असतात. घ्यायचे ते पूर्ण लाल. शिवाय देठाजवळचा भाग ओरबाडायचा नाही, कारण पुढच्या वर्षीची कळी तिथूनच येणार. अज्जीची बोटे फांदीवरून हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून फिरावीत तशी फिरत. तिची नजर त्या बोटांवर नव्हतीच; ती शेजारणीशी सुनेच्या गाऱ्हाण्यांत गुंतली होती. आणि पिशवीत पाहावे तर एक हिरवे फळ नाही! मी हौसेने अर्धा तास तोडून पाहिले. जेमतेम तळ झाकला, आणि मानेवर लाल मुंग्यांनी प्रसाद दिला तो वेगळा. या मुंग्या पाने शिवून घरटी करतात आणि फांदी हलली की सरळ सदऱ्यात उतरतात. बाया त्यांना झटकतात आणि पुढच्या झाडाला लागतात.

एका झाडाकडे असे तीन-चारदा यावे लागते, कारण सगळी फळे एकदम पिकत नाहीत. संध्याकाळी फळांचे वजन होते. ठरलेल्या रोजावर, जास्त तोडली तर किलोमागे वर पैसे. काट्यापाशी सगळ्या गप्प होतात. त्या क्षणी चेहऱ्यांवर जे दिसते ते आपल्याला पगाराच्या तारखेला आपल्या घरातही दिसते. फरक इतकाच, की त्यांना ते रोज दिसते.

मी एक पिकले फळ तोंडात टाकले. साल गोड लागते, चिकट. आत दोन दाणे पोटाला पोट लावून बसलेले, वर शिंपल्यासारखे कवच. कधी एकच दाणा असतो, वाटोळा. त्याला पीबेरी म्हणतात आणि तो निराळा विकतात. एक किलो साफ दाणा मिळायला पाच ते सहा किलो फळ लागते. एका पेल्याला दहा ग्रॅम पूड धरली, तर तिच्यात सत्तर-ऐंशी दाणे जातात, म्हणजे चाळिसेक फळे. आणि आपल्याकडच्या अरेबिकाच्या एका झाडाचे वर्षभराचे साफ दाण्याचे उत्पन्न सरासरीने पाव किलोही नसते. हा हिशेब मी रात्री कंदिलापाशी (होय, वीज गेली होती) वहीच्या मागच्या पानावर केला. माझ्या घरी सुस्त रविवारी जी कॉफी उतू जाते, तिच्यात अज्जीच्या बोटांचे चाळीस फेरे असतात.

तोडले म्हणजे संपले असे नाही. त्याच संध्याकाळी फळे यंत्रातून काढून साल वेगळी करायची, चिकट दाणे हौदात आंबायला ठेवायचे, धुवायचे, मग खळ्यावर वाळवायचे. दिवसभर दाताळ्याने वरखाली करायचे, संध्याकाळी झाकायचे, सकाळी उघडायचे. अंगणात पापड घातलेल्या कोणाही गृहिणीला हा जीवाचा आटापिटा समजेल. फरक एवढा, की इथे पापडांच्या जागी वर्षभराचे पोट वाळत घातलेले असते. जानेवारी २०२१ मध्ये ऐन वाळवणाच्या दिवसांत अवेळी पाऊस कोसळला. झाडावरची पिकली फळे फुटली, गळली, खळ्यावरची भिजली. अक्का म्हणाल्या, "ताडपत्री ओढायला घरातला पाहुणासुद्धा धावला. पण आभाळावर कुठली ओ ताडपत्री घालणार?"

आणि गंमत पाहा. हाच पाऊस मार्चमध्ये यावा म्हणून ही माणसे देव पाण्यात घालतात. कॉफीच्या कळ्या हिवाळ्यात धरतात आणि झोपून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर आली की त्या जाग्या होतात, आणि आठ-दहा दिवसांनी सारा डोंगर एका रात्रीत पांढरा होतो. फुले चमेलीसारखी, वासही तसाच. दोन-तीन दिवसांचा सोहळा, मग फुले करपून गळतात. सर आली नाही तर कळ्या वाळतात. ऐन फुलांवर आली तर पराग धुऊन जातो. फुले झाल्यावर दुसरी सर पाठोपाठ आली नाही तर फळ धरत नाही. म्हणजे पाऊस यावा, पण बोलावल्या दिवशी यावा आणि निरोप घेऊन जावा! श्रीमंत मळेवाले तळ्यातले पाणी पंपाने फवारतात. सहा एकरवाल्याने आभाळाकडे पाहायचे.

या पावसाचे मोजमापही खास आहे. मळेवाले पाऊस अजून इंचांत मोजतात, आणि इंचाचे शंभर भाग करून त्यांना 'सेंट' म्हणतात. मार्चमध्ये ढग गडगडले की या डोंगरातून त्या डोंगरात टेलिफोन सुरू होतात. "तुमच्याकडे किती?" "चाळीस सेंट." "आमच्याकडे पंधराच." पंधरा सेंट म्हणजे कळीला गुदगुल्या आणि घराला घोर. एरवी या भागात भेटल्यावर "कापी आयता?" म्हणजे कॉफी झाली का, असे विचारतात. मार्चमध्ये त्याऐवजी "मळे आयता?" पाऊस झाला का, असे विचारतात. 'मळे' म्हणजे कानडीत पाऊस, हे ऐकून माझ्या मराठी कानांना फार मौज वाटली.

अक्कांच्या घरातली खरी चिंता मला कळली ती चौथ्या दिवशी. त्यांचे यजमान सकाळी कोयता घेऊन निघाले आणि मी मागोमाग गेले. ते एकेका अरेबिकाच्या झाडापाशी थांबत, खोडावरून हात फिरवीत. एका झाडाची पाने पिवळी पडली होती आणि खोडावर साल उचलल्यासारखे कड दिसत होते. त्यांनी कोयत्याने साल काढून दाखवली. आत भुशाने गच्च भरलेला बोगदा. हा खोडकिडा. एक काळसर पांढऱ्या पट्ट्यांचा भुंगा सालीच्या भेगेत अंडी घालतो, अळी आत शिरून महिनोन्‌महिने खोड पोखरते, आणि वरून सारे हिरवेगार असताना झाड आतून संपलेले असते. औषध म्हणाल तर झाड उपटायचे आणि जाळायचे. दुसरा तोडगा नाही. उन्हात उभ्या झाडाला हा भुंगा जास्त धरतो, म्हणून सावलीची एवढी काळजी. खोडाची सैल साल घासून काढतात, म्हणजे अंडी घालायला भेग उरू नये. पण घासायला माणसे हवीत, आणि माणसांना रोज द्यावा लागतो.

त्या सकाळी त्यांनी एकेचाळीस झाडांना खूण केली. अक्का वहीत रेघा ओढीत होत्या. ही झाडे सासऱ्यांनी लावलेली. संध्याकाळी ओटीवर बसून दोघांचे बोलणे चालले होते. शेजारच्यांनी अरेबिका काढून रोबस्टा लावली. ती दणकट, तिला हा किडा तसा त्रास देत नाही, आणि पीकही जास्त. कोणी सुपारी लावली. मुलगा बंगळूरला नोकरीत. त्याचेही म्हणणे तेच. "ह्यांना मात्र अरेबिकाच हवी," अक्का म्हणाल्या. "म्हणतात, या डोंगरावर बाबांनी आणली ती हीच. आम्ही काढली तर मग कोण ठेवणार?" यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी पेला उचलून वास घेतला आणि खाली ठेवला.

रोगाची ही कहाणी जुनीच आहे. सिंहलद्वीपात कॉफीचे अफाट मळे होते. १८६९ मध्ये तिथे पानांवर तांबेरा पडला आणि वीस-पंचवीस वर्षांत सारे मळे बसले. मग त्याच टेकड्यांवर चहा लागला. आपल्याकडेही तांबेऱ्याने धुमाकूळ घातला. चिकमगळूर जिल्ह्यातच बाळेहोन्नूर येथे १९२५ पासून कॉफीचे संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्याला दाद न देणारी आणि चवीलाही उतरणारी 'एस. ७९५' ही जात तिथल्या संशोधकांनी १९४० च्या दशकात दिली, आणि आजही पुष्कळ अरेबिकावाले तिच्यावरच भिस्त ठेवून आहेत. पेल्याला नाव मळ्याचे मिळते, व्यापाऱ्याचे मिळते. वर्षानुवर्षे रोपांच्या नोंदी ठेवणाऱ्या या लोकांचे कोणी नाव घेत नाही. बी-बियाण्याचे काम करणाऱ्याच्या वाट्याला आपल्या देशात पूर्वीपासून हेच आले आहे.

किड्यापेक्षा मोठा किडा भावाचा. मागच्या शतकात १९३० नंतरच्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा लोकांनी कॉफी प्यावी म्हणून मळेवाल्यांच्या कॉफीवर कर बसवून एक समिती नेमली गेली. तिने १९३६ मध्ये पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले ते आपल्या मुंबईत, चर्चगेटला! ज्या कॉफी हाउसांतून पुढे कवी, पुढारी आणि बेकार पदवीधर यांनी एका पेल्यावर तीन-तीन तास काढले, ती मुळात मळ्यातला माल खपावा म्हणून निघाली होती. महायुद्धात युरोपची गिऱ्हाइके तुटली, तेव्हा १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड मजबूत झाले. सगळी कॉफी बोर्डाला द्यायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. हप्ते यायला कधी कधी फार वेळ लागे, असे जुने लोक सांगतात. पण भावाचा धक्काही मोठा बसत नसे. १९५० च्या दशकात बोर्ड कॉफी हाउसे बंद करू लागले, तेव्हा कामावरून जाणाऱ्या नोकरांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली, ही आणखी एक अभिमानाची गोष्ट.

१९९६ पर्यंत बोर्डाची ती सक्ती पुरती उठली. शेतकरी मोकळा झाला आणि उघडाही पडला. आता अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कमध्ये ठरतो आणि रोबस्टाचा लंडनमध्ये. ब्राझीलमध्ये थंडीने झाडे करपली की चिकमगळूरला पेढे वाटायचे, आणि तिकडे पीक फोफावले की इकडे दागिना गहाण टाकायचा! २००१-०२ च्या सुमारास भाव इतके पडले, की तोडणीचा खर्चही निघेना. पुष्कळांनी फळे झाडावरच ठेवली. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका पौंडामागे चार डॉलरांच्या वर गेली. "मग यंदा मजा झाली असेल," असे मी अक्कांना टेलिफोनवर म्हटले. त्या म्हणाल्या, "भाव चढला, पण अरेबिका उरलीय किती ओ आमच्याकडे?"

भारतात कॉफी पिकवणाऱ्या दर शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक असेच छोटे शेतकरी आहेत, पंचवीस एकरांच्या आतले. साऱ्या पिकापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या कर्नाटकातून येते; मग केरळात वायनाड, तामिळनाडूचे डोंगर, आणि आंध्रात अरकूच्या खोऱ्यातले आदिवासी शेतकरी. आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. सहलीला जाणारे बहुतेक जण ती न पाहताच धबधब्याकडे धावतात. देशातला बहुतेक माल परदेशी जातो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा इटली घेते. ते आपली कॉफी पितात, आणि आपण इटालियन नावाच्या कॉफीला दुप्पट पैसे मोजतो.

चिकमगळूरहून आम्ही कोडगूला, म्हणजे कूर्गला गेलो. सर्वांत जास्त कॉफी याच जिल्ह्यात पिकते, बहुतेक रोबस्टा. तिथले मळे मोठे, बंगले देखणे, आणि त्यांच्यामागे मजुरांच्या 'लाइनी': एका भिंतीला दुसरी लागून बांधलेल्या खोल्यांची चाळ. येरवा, जेनू कुरुबा हे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या या मळ्यांवर राबत आले. त्यांचे जंगल गेले, आणि त्याच जंगलाच्या जागी उभ्या राहिलेल्या मळ्यात ते रोजावर आले. मोठ्या मळ्यांनी मजुरांना घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर द्यावे असा कायदा १९५१ मध्ये झाला. काही ठिकाणी तो लाइनीतल्या खोल्यांत दिसतो, काही ठिकाणी कागदावर. आता आसाम-बंगालकडूनही मजूर येतात. तिथे तोडणीला जाताना एक जण पुढे चालतो तो हत्तीसाठी. फणसाच्या वासाने हत्ती मळ्यात येतात, दिवसा झाडांत निजतात, आणि पहाटेच्या धुक्यात कामाला निघालेल्या माणसांशी गाठ पडते. दरवर्षी तिथे अशी माणसे जातात. ऑगस्ट २०१८ मध्ये तर अतिवृष्टीने डोंगरच्या डोंगर सरकले आणि कॉफीसकट घरे खाली आली. ज्या बाईने मला हे सांगितले, ती बोलता बोलता बोटे थांबवीत नव्हती. भरायची पिशवी अर्धीच झाली होती.

गृहिणींसाठी एक पोटकलम सांगून ठेवते. बाजारातल्या पुष्कळ पुड्यांत चिकोरी असते. हे एका झाडाचे मूळ. वाळवून, भाजून दळतात. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. नेपोलियनच्या काळात फ्रान्सला कॉफी मिळेना, तेव्हा ते लोकप्रिय झाले. चिकोरीने रंग दाट येतो, दक्षिणेतल्या कित्येकांना ती आवडतेही, आणि तिच्यात विषारी काही नाही. पण मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्तच, ५१ टक्के कॉफी असली तरी कायद्याला पुरते. तेव्हा पुड्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावी. थोडी महाग पडली तरी निव्वळ कॉफी, ताजी दळलेली, थोडी थोडी आणावी. महिना-दोन महिन्यांत पुडीचा वास उडतो. आणि दुकानदाराला विचारावे, "कुठली?" पहिल्या वेळी तो बावळटासारखा पाहील. चौथ्या वेळी सांगेल. जायफळ घालायचे की नाही, हे आपले आपण ठरवावे, मी घालते.

निघायच्या आदल्या दिवशी अक्कांच्या परसात वाफे तयार होत होते. बाळेहोन्नूरहून आणलेले 'एस. ७९५'चे बी. त्यांचे यजमान उकिडवे बसून एकेक दाणा सपाट बाजू खाली करून मांडीत होते. बी रुजून वर येते, तेव्हा दाण्याचे कवच डोक्यावर तसेच असते. त्या अवस्थेला मळ्यात 'टोपी' म्हणतात. मग कवच गळून दोन गोल पाने उघडतात, तिला म्हणतात फुलपाखरू. टोपी किंवा फुलपाखरू झाले की पिशवीत, पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत, आणि पहिले पीक तीन-चार वर्षांनी. मी मनातल्या मनात त्यांचे वय धरून बेरीज केली. बोलले नाही. अक्कांनीही ती केली असणार, कारण त्या पाण्याची झारी घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ओळ वाकडी जातेय."

पुढे जूनमध्ये त्या एकेचाळीस झाडांच्या जागी साठ रोपे गेली. जगली ती बावन्न. मार्चअखेर एका रात्री अकराच्या सुमारास टेलिफोन वाजला. मी घाबरून उठले. पलीकडून अक्का ओरडून बोलत होत्या, कारण त्यांच्या कौलांवर धो-धो आवाज चालला होता.

"अक्का, झोपला होता काय ओ? ऐंशी सेंट! आणि अजून पडतोय!"